आधी आपल्या घरचे हात

पोरी, तुला अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. बर्न्स वॉर्डातल्या नव्या मुस्लिम सिस्टरच्या बाहीबद्दल तू पानंच्या पानं लिहिली आहेस. ती बाही कोपराच्या वर घ्यायला तयार नाही, इन्चार्ज सिस्टर तिला मेमो द्या म्हणतात, स्टाफच्या ग्रुपवर नको नको ते मेसेज फिरताहेत, आणि तुला रात्री झोप नाही. मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: ‘सरांच्या बोटांत दोन खड्यांच्या अंगठ्या असतात, पण त्यांना कोण बोलणार?’

मी त्या ओळीवर अडकले. तुझा खरा प्रश्न तिथेच आहे.

हात का धुवायचे, हे मी तुला सांगत बसणार नाही. एनआयसीयूमध्ये, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, क्लेबसिएला हा जंतू एका वॉर्मरवरून (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यावरून) दुसऱ्या वॉर्मरवर कसा जातो, ते तू पाहिलं आहेस. तो आमच्या-तुमच्या हातांवरून जातो. तेव्हा तुझ्या-माझ्यात हे गृहीत धरू, की कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम लागू करायचाच आहे. कुठून सुरुवात करायची, एवढाच प्रश्न उरतो. त्याचं माझं उत्तर आयुष्यभर एकच राहिलं: आधी आपल्या घरचे हात. तुझ्या-माझ्या घरचे. हिरवा चुडा, मनगटावरचा लाल गंडा, गुरुपुष्यावर घेतलेला पुष्कराज. ते सगळं कोपराच्या वर गेलं, की मग त्या मुलीकडे जा. त्याआधी तिच्याकडे गेलीस तर ती संसर्गनियंत्रणाची गोष्ट राहत नाही, आणि वॉर्डातल्या प्रत्येकाला ते कळतं.

बाहीचं शास्त्र तुला ठाऊक हवं, म्हणून थोडं लिहिते. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2007 मध्ये ‘कोपराखाली हात उघडे’ हा नियम जाहीर झाला आणि 2008 पासून सरकारी रुग्णालयांत लागू झाला. बाही नको, घड्याळ नको, दागिने नकोत. काही मुस्लिम विद्यार्थिनींनी आणि डॉक्टरांनी हरकत घेतली, वर्तमानपत्रांनी ती पेटवली. शेवटी 2010 मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने सुधारित सूचना काढल्या, आणि त्या वाचून मला फार बरं वाटलं होतं. रुग्णाजवळ नसताना बाही पूर्ण असली तरी चालेल. पाऊण बाहीचा गणवेश चालेल. पण बाही सैल, लोंबती नको. हात धुताना आणि रुग्णाला हाताळताना ती वर सरकवून पक्की बसवता आली पाहिजे. ज्यांना तेही जड जातं, त्यांच्यासाठी कोपरापासून मनगटापर्यंतच्या एकदा वापरून टाकायच्या बाह्या. त्या ग्लोव्हजसारख्याच वापरायच्या: एका रुग्णासाठी घातल्या, काम झालं, काढून टाकल्या. हात आणि मनगट धुणं मात्र कुणालाही माफ नाही.

हे कुणाचे लाड पुरवणं नव्हे. बाहीमुळे संसर्ग वाढतो याचा थेट पुरावा तोकडाच आहे. अमेरिकेतल्या ऑपरेशन थिएटर परिचारिकांच्या संघटनेने तर काही वर्षं उलटीच शिफारस केली होती: जे स्क्रब झालेले नाहीत, म्हणजे कोपरापर्यंत हात धुऊन शस्त्रक्रियेला उभे नाहीत, त्यांनी थिएटरमध्ये लांब बाह्यांचं जॅकेट घालावं, कारण उघड्या हातांवरची त्वचा झडते. मग कोपराचा नियम कशासाठी? मनगट नीट धुतलं जावं आणि ओली, मळकी बाही रुग्णाला लागू नये, यासाठी. पाणी आणि हँडरब (हातावर चोळायचं अल्कोहोलचं औषध) मनगटापर्यंत पोचतं की नाही, एवढंच तू बघायचंस. ते पोचत असेल तर उरलेल्या कापडाशी तुझं भांडण नाही. बर्न्स वॉर्ड आहे, तेव्हा ड्रेसिंगच्या वेळी ती गाऊन घालणारच. गाऊनच्या आत हात झाकलेलेच असतात. तुमची अडचण फक्त धुण्याच्या त्या मिनिटाची आहे. सिंकपाशी एक पडदा लावून घे. त्या मिनिटासाठी तू मेमोपर्यंत पोचलीस!

जून 2023 मध्ये तिरुवनंतपुरमच्या सरकारी मेडिकल कॉलेजातल्या सात विद्यार्थिनींनी प्राचार्यांना पत्र दिलं होतं: थिएटरमध्ये लांब बाह्यांची स्क्रब जॅकेट्स आणि डोकं-मान झाकणारे सर्जिकल हूड वापरू द्या. लगेच चॅनेलवाले धावले. मला ते पत्र उद्धट वाटलं नाही. मुलींनी विचारलं होतं, अडून बसल्या नव्हत्या. स्क्रब व्हायचं असेल तर कोपरापर्यंत धुवावंच लागेल, आणि तिथे मी कणभर मागे सरले नसते. पण विचारणाऱ्याला आधी उत्तर द्यायचं असतं, तेही कारणासकट. आपल्याकडे आधी बातमी होते.

आता चुड्याकडे येते, कारण तिथे माझं स्वतःचं काहीतरी गुंतलेलं आहे.

एनआयसीयूत माझ्याबरोबर एक सिस्टर होती, माझी जिवाभावाची मैत्रीण. लग्न होऊन आली ती हातभर हिरव्या बांगड्या घालून. मी तिला म्हटलं, ड्युटीवर चुडा नाही. तिला पटलं होतं. शिकलेली, हुशार मुलगी. पण तिची सासू मेट्रनना भेटायला आली. सवाष्णीचे भुंडे हात घरात चालत नाहीत, माझ्या मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे, म्हणाली. ती बाई रडत होती. कोकरासारख्या त्या पोरांच्या अंगाला लागणाऱ्या काचेच्या बांगड्या मला दिसत होत्या, आणि तिला तिचा मुलगा दिसत होता. मेट्रन म्हणाल्या, पहिला महिना जाऊ द्या. मी नाही म्हटलं. ड्युटीला येताना बांगड्या उतरवून डबीत, डबी लॉकरमध्ये, घरी जाताना पुन्हा हातात. मंगळसूत्र गळ्यात, गणवेशाच्या आत. याहून एक पाऊल मागे मी गेले नाही. मैत्रिणीने बदली मागून घेतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं येईनासं झालं, आणि पुढे कधीच आलं नाही.

त्याची हळहळ मला अजून आहे. त्या सासूला मेट्रनच्या केबिनमध्ये उभं न ठेवता वॉर्मरपाशी न्यायला हवं होतं, त्या मूठभर पोराजवळ, असं आज वाटतं. पण नियम ढिला केला नाही याची हळहळ नाही. मला कजाग म्हणत, वांझोटी म्हणत (हो, तेही म्हणत), मला देव-धर्म नाही म्हणत. माझ्या घरी देवघर आहे, आजही पूजा झाल्याशिवाय मी चहा घेत नाही. आणि ज्या दिवशी एका बुरखा घेणाऱ्या विद्यार्थिनीला ‘बाही मनगटाच्या वर’ म्हणायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, मग लॉकरमधल्या त्या डब्यांकडे पाहिलं, आणि बाही वर केली. एक शब्द बोलली नाही. माझं म्हणणं तिला त्या डब्यांनी सांगून झालं होतं. म्हणून सांगते, आधी आपल्या घरचे हात. मी हट्टी होते म्हणून सांगत नाही; हे चालतं म्हणून सांगते.

चुडा उतरवताना त्या सासूच्या मनात जे होतं आणि बाही वर करताना तुझ्या वॉर्डातल्या त्या मुलीच्या मनात जे आहे, त्यात मला फार अंतर दिसत नाही. उघडा हात म्हणजे एकीला अशुभ, दुसरीला लाज. तुला पहिलं कळतं, कारण तू त्याच घरात वाढलीस. तुझ्या आईनेही परीक्षेच्या दिवशी तुझ्या मनगटाला गंडा बांधला असेल. दुसरं कळत नाही म्हणून ते तुला हट्ट वाटतं. इथे मला तुझा राग येतो. इतकी वाचणारी, इतकी विचार करणारी तू, आणि त्या मुलीला एकदाही विचारलं नाहीस की नेमकी अडचण काय आहे? पत्रात तिचं एकही वाक्य नाही. ग्रुपवरच्यांची मात्र सगळी वाक्यं आहेत.

कड्याचंही सांगून ठेवते, पुढे लागेल. नांदेडची एक शीख मुलगी शिकायला आली होती. कडं ती काढणार नव्हती आणि काढ म्हणायचं मलाही काही कारण नव्हतं. रुग्णाला हाताळताना आणि धुताना ते वर सरकवून पक्कं बसवायचं, एवढं ठरलं. इंग्लंडच्या सूचनांतही बांगडी-कड्यासाठी हीच वाट आहे. गंड्याचं तसं नाही. तो दोऱ्याचा, एकदा भिजला की तासन्‌तास ओला राहतो आणि धुतलेल्या मनगटावर पुन्हा टेकतो. गंडा शिर्डीचा असो की अजमेरचा, ड्युटीवर तो दंडावर बांधायचा. आणि घड्याळ काढायला सांगायला विसरू नकोस. त्याला कुठलाच धर्म चिकटलेला नाही म्हणून कुणी चिडत नाही, पण मनगट तेही झाकतं.

तुझ्या वॉर्डातल्या माळकरी मामांची, त्या वॉर्डबॉयची, तक्रार तू हसण्यावारी नेलीस, ते मला आवडलं नाही. स्टरिलियम (आपलं हँडरब) म्हणजे दारू, ती हाताला लावून पांडुरंगाला हात कसे जोडू, असं विचारणारा माणूस खरंच विचारत असतो. मुस्लिम कर्मचाऱ्यांनाही हा प्रश्न पडला आणि त्यांच्यातल्या जाणत्यांनी तो सोडवलाही. मक्केत जानेवारी 2002 मध्ये मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) परिषदेने जखम धुवायला, जंतू मारायला, बाहेरून लावायच्या मलमांत अल्कोहोल चालेल असा निर्वाळा दिला, आणि खुद्द सौदी अरेबियातल्या रुग्णालयांत हँडरब वापरतात. हे माहीत असू दे, पण वॉर्डात उभी राहून दुसऱ्याला त्याचा धर्म शिकवू नकोस. तो आपला अधिकार नाही. त्यांच्या मशिदीतले मौलाना, मामांच्या फडावरचे महाराज, ज्यांचा शब्द ते मानतात त्यांनाच विचारून या म्हण. तोवर साबण आणि पाणी आहेच. फक्त वेळ सांगून ठेव: हँडरबला 20 ते 30 सेकंद लागतात, साबण-पाण्याला 40 ते 60. आयसीयूत दर थोड्या वेळाने सिंककडे जाणं जमत नाही, तेव्हा तिथली ड्युटी लावताना याचा विचार कर. जुलाबात क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल हा जंतू निघाला तर त्याचे स्पोअर्स, म्हणजे कवचबंद बीजाणू, हँडरबने मरत नाहीत. तिथे तर सगळ्यांनाच साबण-पाणी.

आणि आता सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत धर्म आणि संस्कृती यांवर एक स्वतंत्र भाग आहे. तो काढून वाच. अंगठ्यांबद्दल तिथे मवाळपणा नाही. अंगठीखालच्या त्वचेवर जंतू जास्त साठतात. धार्मिक-सामाजिक कारण फारच घट्ट असेल तर रोजच्या कामात लग्नाची साधी, खडा नसलेली अंगठी एक वेळ चालेल. थिएटरसारख्या जोखमीच्या जागी मात्र सगळं उतरवायचं. सरांच्या अंगठ्यांना खडे आहेत आणि ते त्या घालून ड्रेसिंग उघडतात. सांगायला तुला भीती वाटते, कारण तुझं कन्फर्मेशन व्हायचं आहे. मला कळतं. माझी बढती दोनदा पुढे गेली ती अशाच एका अंगठीपायी, असं मी आजवर मानत आले. पण बोलायचं असेल तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागेल. वरून सुरुवात झाली की खाली कुणाला सांगावं लागत नाही. खालून केलीस, त्यातही एका धर्मापासून केलीस, तर तू वॉर्डाला एवढंच शिकवलंस की नियम दुबळ्यांसाठी असतो.

एकटीने जाऊ नकोस. मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमना बरोबर घे, इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या बैठकीत विषय लेखी ठेव: कोपराखाली काहीही नाही, सर्वांना, अमुक तारखेपासून. सरांना बैठकीआधी केबिनमध्ये भेट, चारचौघांत नको. अंगठी साखळीत ओवून गळ्यात घालता येते. रत्न अंगावर राहतं, बोट मोकळं होतं. हा तोडगा मी अनेकांना दिलाय आणि ज्योतिषांनीही त्याला फारशी हरकत घेतलेली नाही. मग इन्चार्ज सिस्टरांच्या बांगड्या. मग गंडे. मग पडदा लावून झाल्यावर त्या मुलीशी बोल, आणि बोलताना आधी ऐक. एकदा वापरायच्या बाह्यांचं कोटेशन स्टोअरमधून मागवून ठेव, म्हणजे ‘बजेट नाही’ हे उत्तर येणार नाही.

एवढं सगळं करूनही ती मनगट धुवायला नाहीच म्हणाली, तर तिला रुग्णाला हात लावू देऊ नकोस. तेव्हा तुझा आवाज कापणार नाही. आज कापतोय, कारण आपण अजून आपल्याच घरात काही केलेलं नाही, हे तुलाही माहीत आहे.

पुढच्या महिन्याचं हँड हायजीनचं ऑडिट मला पाठव. डॉक्टर, सिस्टर, मामा-मावशी असे गट वेगळे काढ, आणि कुणाच्या हातात काय होतं याचा एक रकाना ठेव. नाव किंवा धर्माचा रकाना ठेवू नकोस.

तुझी,
मॅडम