नवे लोक दुसऱ्या रविवारी परत का येत नाहीत?

तुम्ही विचारलंय, इंदूरच्या चर्चमध्ये पाहुणचाराची जबाबदारी तुमच्यावर आलीय, दारात सगळ्यांचं हसून स्वागत होतं, चहाही असतो, तरी नवी माणसं दुसऱ्या रविवारी दिसत नाहीत. काय चुकतंय?

लग्नानंतर मी नगरहून इंदुरात आले तेव्हा ती नवी बाई मीच होते. माहेरी मराठी उपासना, इथे सगळं हिंदीत. अक्षरं ओळखीची, चाली अनोळखी. दारात दोघांनी "जय मसीह की" म्हटलं आणि पुढचा दीड तास माझ्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या गीताला शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी आपलं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि मला ओळ सापडावी म्हणून शब्दाशब्दाखाली बोट फिरवत गायल्या. हळदीने पिवळं झालेलं ते नख मला आजही आठवतं. नवरा ड्यूटीवर आहे कळल्यावर म्हणाल्या, "चलो बेटा, खाना हमारे यहाँ." डाळ-भात आणि कैरीचं लोणचं. त्या दुपारपासून ते चर्च माझं झालं.

पुढे ही जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी नव्या लोकांना उभं राहून नाव सांगायला लावायचे, सगळे टाळ्या वाजवायचे. मला ते फार प्रेमाचं वाटायचं. एका रविवारी नर्सिंगला शिकणारी एक मुलगी उभी राहिली, ओढणीचं टोक पिळत कसंबसं नाव सांगितलं आणि परत आलीच नाही. काही महिन्यांनी बाजारात भेटली. म्हणाली, "काकू, मी फक्त प्रार्थनेला आले होते." मी घरी येऊन रडले. ती प्रथा आम्ही बंद केली.

तुम्ही बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 6 नीट वाचा. पहिल्या ख्रिस्ती मंडळीत कुरकुर सुरू झाली ती रोजच्या अन्नवाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, आणि तक्रार होती इब्री (हिब्रू) बोलणाऱ्यांविरुद्ध. म्हणजे भाषेमुळे माणसं पंगतीतून सुटत होती! प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांनी, त्यावर सात जण निवडायला सांगितले, तेही आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असलेले. त्या सातांची नावं पाहा, स्तेफन, फिलिप्प, सगळी ग्रीक. जे सुटत होते, त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाढप दिलं. मला हा पुढारीपणाचा सगळ्यात मोठा धडा वाटतो. चर्चमधल्या सेवापदाला आपल्याकडे 'डीकन' म्हणतात, तो शब्दही मूळ ग्रीकमध्ये सेवकाचा, पंगतीत वाढणाऱ्याचा आहे.

म्हणून विचारते, तुमच्या समितीत बाहेरून आलेलं कोणी आहे का? भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी, केरळहून आलेली नर्स, एखादी मराठी सून? आमच्याकडे मी पहिल्यांदा तीन जण असे घेतले. रिकाम्या बाकावर एकटं कोण बसलंय, हे त्यांना आमच्या आधी दिसायचं.

चहाच्या वेळी काय होतं तेही पाहा. आमचे जुने सभासद पोहे-जलेबीची प्लेट घेऊन आपापसात गोल करून उभे राहायचे, आणि नवा माणूस कप हातात धरून नोटीसबोर्ड वाचायचा. बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (13:2) अतिथिप्रेमासाठी मूळ शब्द 'फिलोक्सेनिया' आहे, परक्यावरची माया. ओळखीच्यांशी गप्पा मारणं त्यात बसत नाही. आम्ही एवढंच ठरवलं की उपासना संपल्यावर पहिली दहा मिनिटं समितीतल्या कोणीही आपल्या नातेवाइकांशी बोलायचं नाही. सुरुवातीला घरचे रुसले.

आणखी एक. पाळकसाहेबांना, म्हणजे तुमच्या पास्टरना, सांगून बघा, त्यांनी चहाचे कप उचलायला हात लावावा. आमचे उचलायचे. त्यानंतर कपांसाठी माणसं शोधावी लागली नाहीत.

बुधवारी एक फोन करा, पण "रविवारी या" म्हणायला नको. खोली मिळाली का, ताप उतरला का, ते विचारा. आणि या रविवारी घरी डाळ थोडी जास्त शिजवा.