‘हॅम्लेट’चा सिनेमा करताना ओळी गाळल्या तर ती बेइमानी ठरते का?

प्रश्न थोडक्यात असा: ‘हॅम्लेट’वर पटकथा लिहायची आहे, सिनेमा दोन तासांत बसवायचा आहे आणि नाटकाशी प्रामाणिकही राहायचं आहे, मग काय काढायचं?

काय काढायचं ते सांगतो, पण आधी त्या ‘प्रामाणिक’चा निकाल लावू. हा शब्द निघाला की लोक ओळी मोजायला बसतात. संवाद तेच, म्हणजे नाटक तेच! साफ चूक. शेवटच्या द्वंद्वातला एक पेला घ्या.

पहिला हात हॅम्लेट जिंकतो. राजा क्लॉडियस, म्हणजे हॅम्लेटचा काका, पेल्यात मोती टाकतो आणि तो विषाचा पेला हॅम्लेटपुढे करायला सांगतो. हॅम्लेट म्हणतो, आधी हा डाव होऊ दे. दुसरा हातही तोच जिंकतो, आणि राणी गरट्रूड, हॅम्लेटची आई, पेला उचलते. राजा म्हणतो, पिऊ नकोस. ती पिते. तिला विषाचं ठाऊक होतं का? संहिता यावर गप्प आहे. रंगमंचावर त्या क्षणी अख्खा दरबार उभा असतो. कोणी राणीकडे पाहतो, कोणी तलवारींकडे, कोणी राजाच्या चेहऱ्याकडे. प्रश्न उघडा राहतो आणि प्रेक्षक तो घरी घेऊन जातो.

१९४८ च्या सिनेमात नट-दिग्दर्शक लॉरेन्स ऑलिव्हिएनं कॅमेरा राणीवर नेला. तिची नजर पेल्यावर खिळते, तिला उमगतं, आणि ती जाणूनबुजून पिते. शब्द एकही बदललेला नाही, तरी अपघाती मरणाचं आईचं बलिदान झालं. प्रसंग सुंदर आहे, पण तो ऑलिव्हिएचा आहे.

तुम्हाला प्रश्न उघडा ठेवायचा असेल तर राणी, पेला आणि राजा एकाच चौकटीत घ्या. कॅमेरा इतका लांब ठेवा की राणीचे डोळे वाचता येऊ नयेत. राजा पाठमोरा. घोट घशाखाली उतरेपर्यंत कट नाही. राणीचा क्लोज-अप घ्यायचाच तर तो पिऊन झाल्यावर. तिथली ‘पिऊ नकोस’ ही ओळ चेहरा न दाखवता नुसत्या आवाजातही चालते, उलट जास्त चांगली चालते.

याच द्वंद्वात दुसरी फसगत होते ती तलवारींची. खेळाच्या तलवारी बोथट असतात; हॅम्लेटशी लढणाऱ्या लेअर्टीसच्या (दरबारी पोलोनियसच्या मुलाच्या) हाती धारेची आणि विष लावलेली येते. झटापटीत तलवारींची अदलाबदल होते म्हणून तोही तिनंच मरतो. हे प्रेक्षकाला कळतं ते चौथ्या अंकातल्या सातव्या प्रवेशामुळे, जिथे राजा आणि लेअर्टीस बसून कट शिजवतात. धारेची तलवार राजाची कल्पना, तिला लावायचं विष लेअर्टीसचं, आणि दोन्ही फसलं तर हाताशी असावा म्हणून पेला पुन्हा राजाचा. वेळ वाचवायला हा प्रवेश उडवला की शेवट म्हणजे एकामागून एक पडणारी माणसं, बाकी काही नाही. प्रवेश लांब आहे, निम्मा करा. पण या तीन गोष्टी त्याच क्रमानं राहू द्या, आणि तलवार निवडताना लेअर्टीसचा हात एकदाच, जवळून दाखवा. दोनदा दाखवलात तर प्रेक्षक तुमच्या पुढे धावतो.

आता स्वगत. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चं मराठी रूप ‘विकारविलसित’ आणलं, गणपतराव जोशींनी हॅम्लेट गाजवला. तेव्हापासून आपल्याकडे हे नाटक म्हटलं की गाडी जगावं-मरावंच्या त्या एका स्वगतावर येऊन थांबते. ते कसं म्हणावं यावर तासन्‌तास बोललं जातं. ते म्हटलं जात असताना पडद्याआड कोण उभं आहे, याबद्दल चकार शब्द नाही. नाटकात क्लॉडियस आणि पोलोनियस नुकतेच लपलेले आहेत आणि पोलोनियसच्या मुलीला, ऑफेलियाला, समोर फिरत ठेवलं आहे. आपण एकटे आहोत असं या माणसाला वाटतं, आणि तो एकटा नाही. ऑलिव्हिएनं हे स्वगत ऑफेलियाच्या प्रवेशानंतर ढकललं आणि हॅम्लेटला समुद्राच्या वर उंचावर नेलं. दृश्य देखणं, पण पाळत गेली. दिग्दर्शक केनेथ ब्रॅनानं १९९६ च्या सिनेमात त्याला आरशासमोर उभं केलं आणि आरशामागे राजाला. संहितेत आरसा नाही, तरी प्रसंग संहितेतलाच आहे.

त्याच ब्रॅनाच्या सिनेमात संपूर्ण संहिता आहे, चार तास. पोलोनियस मुलीला हॅम्लेटपासून लांब राहा म्हणून दटावतो, तेव्हा हॅम्लेट आणि ऑफेलिया शय्येवर दाखवले आहेत. नाटकानं कधीही न दिलेलं उत्तर तिथे दिलं गेलं. एकही ओळ न गाळता! म्हणून म्हणतो, ओळी मोजून निष्ठा ठरत नाही. प्रत्येक प्रवेशानंतर कोणाला काय कळलं, कोण कोणावर नजर ठेवून आहे आणि नाटकानं काय मुद्दाम सांगितलं नाही, याचा तक्ता करून भिंतीवर लावा. तो बिघडला नाही तर तुम्ही प्रामाणिक आहात.

काय काढायचं? सगळं मिळून सुमारे चार हजार ओळी आहेत आणि तासाला साधारण हजार जातात. दोन तासांत पाठलाग, शांतता, द्वंद्व धरून सतराशे-अठराशेच्या वर ठेवू नका. बालनटांच्या कंपन्यांवरची चर्चा पूर्ण जाऊ द्या. ट्रॉयवरचं नटाचं लांबलचक भाषण दहा ओळींवर आणा. राजासमोर होणाऱ्या नाटकातल्या नाटकाचं मूकनाट्य आणि बोलतं नाटक यांतलं एकच ठेवा. द्वंद्वाचा निरोप आणणारा दरबारी ऑस्रिक छाटा. पोलोनियसचा नोकर रेनाल्डो याचा प्रवेश बहुतेक जण सर्वात आधी उडवतात. मी सात-आठ ओळी ठेवेन, कारण बाप पोटच्या मुलावर, लेअर्टीसवर, हेर सोडतो हे तिथेच दिसतं. नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास याला हात लावू नका. तो गेला की राज्य गेलं, उरतं घरचं भांडण. कापताना विचाराच्या वळणावर कापा. ओळीच्या मध्ये कापलंत तर नटाचा श्वास अडखळतो आणि तो संकलनात दुरुस्त होत नाही.

दिग्दर्शक कोझिन्त्सेवचा १९६४ चा रशियन ‘हॅम्लेट’ जरूर पाहा. भाषांतर कवी पास्तरनाकचं, म्हणजे शेक्सपिअरचा एकही मूळ शब्द नाही, शिवाय भरपूर काटछाट. पण बाप मेल्यावर ऑफेलियाला सुतकाचा पोशाख चढवताना आधी लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा अंगावर आवळतात; तिच्या वाट्याचे कितीतरी संवाद त्या एका दृश्यात आले आहेत.

एक राहिलं. हे सगळं शेक्सपिअरपुरतं. ग्रीक शोकांतिका घेणार असाल तर तिथे कोरसचा, म्हणजे एकत्र बोलणाऱ्या-गाणाऱ्या समूहाचा, प्रश्न आधी सोडवावा लागतो आणि वरचा ओळींचा हिशेब लागू पडत नाही. मराठी गद्य अनुवादावरून काम करत असाल तर तासाला हजार ओळी हे मापही धरू नका. प्रवेश मोठ्यानं वाचा, घड्याळ लावा आणि मगच कात्री उचला.