ऑनलाइन सायकल स्वस्त मिळते, मग दुकानदाराला जास्तीचे पैसे कशाचे द्यायचे?

आपण विचारले आहे की, लहानपणी गावातल्या एकाच दुकानात हीरो, अ‍ॅटलस, हर्क्युलिस अशा सगळ्या कंपन्यांच्या सायकली मिळत असत, मग आता एकेका ब्रँडसाठी वेगळे शोरूम का शोधावे लागते. आणि तशीच सायकल ऑनलाइन काही हजारांनी स्वस्त दिसत असेल, तर दुकानदाराला जास्तीचे पैसे नेमके कशाचे द्यायचे. माझे स्वतःचे सायकलचे दुकान आहे, ते वडिलांनी सुरू केले आणि गेली पंचवीस वर्षे मी गल्ल्यावरही बसतो आणि पान्हाही धरतो. तेव्हा माझे उत्तर अगदी तटस्थ असेल असे मी म्हणणार नाही. तरीही एक गोष्ट ठामपणे सांगता येते. दुकानदाराला सुटणाऱ्या पैशांतला मोठा भाग हा विक्रीचा कधीच नव्हता. तो सायकल उभी करण्याचा आणि पुढे ती चालती ठेवण्याचा मोबदला होता. वितरणाची पद्धत बदलली म्हणून ते काम संपलेले नाही. ते कोणी करायचे आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, एवढेच बदलले आहे.

वडिलांच्या काळात 'सायकल' नावाची तयार वस्तू कारखान्यातून येतच नसे. ट्रान्सपोर्टच्या गोदामातून हातगाडीवर माल यायचा तो सुट्या भागांचा: कागदाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या फ्रेम, मडगार्डांचे जुडगे, रिमांच्या चळती, पोत्यात हब आणि पेडल, पुड्यांमध्ये छर्रे. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० असे ७२ स्पोक मिस्त्री मांडी घालून एकेक करून ओवत असे, मग चाक फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्यात, अडकवून, रिमेजवळ खडू धरून, जिथे खडू घासेल तिथले स्पोक ढिले-घट्ट करत चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत असे. एका सायकलीत मिस्त्रीची अर्धी सकाळ जायची. सीट, कॅरिअर, घंटी आणि स्टँड गिऱ्हाईक आपल्या पसंतीने निवडायचे, आणि त्या सगळ्याची मिळून जी किंमत व्हायची तिच्यातच फिटिंग धरलेले असायचे. त्याची वेगळी मजुरी घेण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे हे काम फुकट होते असाच सगळ्यांचा समज राहिला. (हा समज आमच्या धंद्याला पुढे फार महाग पडला.)

एका दुकानात सगळ्या कंपन्या नांदू शकत होत्या याचे कारणही त्या सायकलींच्या घडणीतच होते. लुधियानाची हीरो असो, सोनीपतची अ‍ॅटलस असो की चेन्नईजवळच्या अंबत्तूरच्या टीआय सायकल्सची हर्क्युलिस असो, काळ्या उभ्या सायकलीचा टायर २८ बाय दीडचाच. चेन, कोटर पिन, ब्रेकचे रबर, हबचे कोन हे सारे एकाचे दुसऱ्याला चालायचे. म्हणजे सुट्या भागांचा एकच साठा ठेवून पाच कंपन्यांचे गिऱ्हाईक सांभाळता येत असे. कंपनी वितरकाला माल देई, वितरक आसपासच्या तालुक्यांतल्या दुकानांना देई, आणि ही साखळी बऱ्याच अंशी उधारीवर चाले: शाळा सुरू होण्याआधी माल उचलायचा आणि दिवाळीपर्यंत फेडायचा. कंपनीला दुकानदाराचे नावसुद्धा माहीत नसायचे आणि दुकानदाराला कंपनीची गरज फक्त फ्रेमवरच्या स्टिकरपुरती होती.

या साखळीला पहिली बगल ऑनलाइन विक्रीने दिली असे आपल्याला वाटत असेल, पण शाळकरी मुलामुलींसाठीच्या सरकारी योजना त्याच्या आधीच्या. बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये दिले, तेव्हा ते पैसे गावोगावच्या दुकानांत आले. पश्चिम बंगालने २०१५ पासून 'सबुज साथी' योजनेत निविदा काढून सायकलीच वाटल्या, तेव्हा माल थेट कंपनीकडून गेला. दोन्हीकडे मुलींच्या हाती सायकल आली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु पहिल्या पद्धतीत चेन उतरली तर कुठे जायचे हे मुलीला ठाऊक होते.

खरा पालट झाला तो गिअरच्या सायकलींनी. २००५ साली फायरफॉक्स सुरू झाली, तिने बाहेरून आणलेल्या गिअरच्या सायकली विकल्या, अमेरिकेच्या ट्रेकचे भारतातले वितरणही केले, आणि सायकल ही खोक्यातून, बव्हंशी जोडलेल्या अवस्थेत येणारी वस्तू झाली. टीआय सायकल्सने 'ट्रॅक अँड ट्रेल' ही दुकानांची मालिका काढून कॅनंडेल, बियांकी यांसारखे ब्रँड तिथे मांडले. तैवानच्या जायंट या ब्रँडचे वितरण पुण्याच्या स्टारकेन कंपनीकडे आले. या सायकलींचा एकाचा भाग दुसऱ्याला चालत नाही. मागचा गिअर ज्या बोटभर तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर घ्या: प्रत्येक ब्रँडचा, कित्येकदा त्याच ब्रँडच्या दोन मॉडेलांचाही, निराळा. सायकल उजव्या बाजूला पडली की तो वाकतो किंवा मोडतो, आणि नेमका तोच हँगर हाती नसेल तर लाखाची सायकल आठवडाभर भिंतीला टेकून राहते. तेव्हा कंपन्यांनी असा आग्रह धरला की, आमचा माल ठेवायचा असेल तर इतक्या सायकली आगाऊ उचला, इतकी जागा आमच्यासाठी राखा, आमची हत्यारे घ्या आणि मिस्त्रीला प्रशिक्षणाला पाठवा. ज्याला हे जमले त्याला एका किंवा दोन ब्रँडांपलीकडे भांडवल पुरेना. आपल्याला जी वेगवेगळी शोरूम दिसतात त्यांचा उगम इथे आहे.

खेळाचे सामान विकणाऱ्या फ्रान्सच्या डेकॅथलॉन कंपनीने तर सगळे टप्पेच एकत्र केले. २००९ साली ती भारतात आली तेव्हा तिला घाऊक विक्रीचीच मुभा होती. २०१३ मध्ये एका ब्रँडच्या किरकोळ विक्रीची परवानगी मिळाल्यावर आराखडा त्यांचा, ब्रँड त्यांचा, दुकान त्यांचे आणि दुरुस्तीचे टेबलही त्यांचेच, अशी व्यवस्था उभी राहिली. मधला कोणी नसल्यामुळे किंमत आटोक्यात राहते आणि दुरुस्तीही होते, हे मला प्रतिस्पर्धी असूनही मान्य करावे लागते. २०१५ साली हीरो सायकल्सने फायरफॉक्स विकत घेतली. याउलट, अ‍ॅटलसचा साहिबाबाद येथील शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला.

कंपनी आणि मधला व्यापारी यांच्यातला हा झगडा आपल्याकडचाच आहे असे मात्र नाही. शिकागोच्या श्विन कंपनीने आपला माल फक्त नेमलेल्या दुकानांतच विकला जावा आणि घाऊक व्यापाऱ्यांनी आपापल्या इलाख्याबाहेर जाऊ नये असे निर्बंध घातले होते, आणि त्यावरून अमेरिकी सरकारने तिला न्यायालयात खेचले. १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, माल एकदा विकल्यावर तो पुढे कुठे आणि कोणाला विकायचा हे कंपनीला ठरवता येणार नाही. यावर श्विनने काय केले, तर घाऊक व्यापाऱ्यांनाच वगळून स्वतःची गोदामे उघडली. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ती भूमिका सोडून दिली, पण तोवर मधला व्यापारी गेला तो गेलाच. पुढे जर्मनीतल्या कोब्लेंझच्या कॅन्यन या सायकल कंपनीने दुकानदारही वगळला आणि खोक्यात सायकलीबरोबर बोल्ट किती आवळायचा हे दाखवणारा पान्हा घालून ती थेट घरी पाठवली. ट्रेकने २०१५ मध्ये मधला मार्ग काढला: मागणी कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदवायची, सायकल मात्र जवळच्या दुकानात जोडून मिळणार आणि दुकानदारालाही त्याचा वाटा मिळणार. स्पेशलाइज्ड या दुसऱ्या अमेरिकी सायकल कंपनीने २०२२ साली अमेरिकेत घरपोच विक्री सुरू केली, आणि या दोन्ही कंपन्या तिथली दुकानेही विकत घेत गेल्या.

एका बाबतीत मी स्वतः पोळलो आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका परदेशी ब्रँडची विक्री करत होतो. मध्येच त्या ब्रँडचा भारतातील वितरक बदलला. त्यानंतर आठ-दहा महिन्यांनी एका बँकेत नोकरी करणारे ग्राहक सायकल घेऊन आले. पेडलच्या वर, जिथे सीटची नळी येऊन मिळते, त्या जोडावर केसाएवढी चीर होती आणि बोट फिरवले की ती नखाला लागत होती. फ्रेमवर पाच वर्षांची वॉरंटी होती, बिल आमच्याच दुकानाचे होते. जुना वितरक म्हणाला, तो ब्रँड आता आमच्याकडे नाही. नवा म्हणाला, आम्ही आणलेल्या सायकलींपुरतीच जबाबदारी आमची. चार महिने पत्रव्यवहार करून शेवटी मी पदरमोड केली आणि त्यांना दुसऱ्या कंपनीची फ्रेम बसवून दिली, कारण ते रोज आमच्या दारावरूनच कामावर जातात. स्टिकर ज्याचे असते तो समोर नसतो, दुकानदार असतो; वितरणाच्या सगळ्या आकृत्यांमध्ये एवढी एक गोष्ट दाखवलेली नसते.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. ऑनलाइन मागवलेल्या खोक्यावर बहुधा 'पंच्याऐंशी टक्के जोडलेली' असे छापलेले असते, आणि उरलेल्या पंधरा टक्क्यांत पुढचे चाक, हँडल, पेडल, सीट आणि ब्रेक येतात, म्हणजे ज्याच्या चुकीने माणूस तोंडावर पडतो ते जवळपास सगळेच येते. आमच्याकडे येणाऱ्या अशा सायकलींत दोन चुका हमखास दिसतात. पहिली, फोर्क उलटा बसवलेला असतो; ब्रेकची डिस्क डावीकडे हवी ती उजवीकडे गेलेली दिसते आणि पुढचे चाक पेडलच्या इतके जवळ येते की वळताना बूट टायरला लागतो. दुसरी चूक जास्त खर्चाची आहे. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, हे माहीत नसलेला माणूस उजवे पेडल डावीकडे जोर लावून कसतो, आणि सायकल आमच्याकडे पोहोचते तेव्हा क्रँकचे, म्हणजे पेडल ज्यात बसते त्या दांड्याचे, आटे गेलेले असतात. क्रँक बदलण्यापलीकडे त्यावर इलाज नाही, आणि स्वस्तात मिळालेले दोन हजार तिथेच निघून जातात.

किमतीच्या तुलनेत कर विसरू नये. पूर्ण सायकलीवरील आयात शुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के झाले, त्यामुळे परदेशी ब्रँडच्या किमतीतला मोठा हिस्सा दुकानदाराच्या हातातला नाहीच. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. ऑनलाइन असो वा दुकान, बिलावर ५ टक्केच लागलेले आहेत ना, एवढे पाहून घ्यावे.

आपण शाळेत जाणाऱ्या मुलासाठी गिअर नसलेली साधी सायकल घेत असाल तर ती कुठूनही घ्या, तिचे भाग आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. गिअर आणि डिस्क ब्रेकची घेत असाल तर ब्रँड ठरवण्याआधी घरापासून चार-पाच किलोमीटरच्या आत तिचा हँगर आणि ब्रेक पॅड कोणाकडे मिळतात ते विचारा. ज्या सायकलीचे भाग फक्त तिच्या कंपनीकडेच मिळतात ती घेताना दहादा विचार करा. नेदरलँड्सची व्हॅनमूफ ही इलेक्ट्रिक सायकलींची कंपनी जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरीत निघाली तेव्हा दुरुस्तीला दिलेल्या सायकली बंद दुकानांत अडकून पडल्या होत्या. ऑनलाइन घेतलेली सायकल दुकानात नेण्यात संकोच करू नये. पूर्वी आम्ही अशा गिऱ्हाइकाला 'जिथून घेतली तिथे न्या' असे फटकारून सांगत असू. त्यात आमचा रागच जास्त होता. आता खोक्यातून आलेली सायकल जोडून देण्याचा दर मी पाटीवर लिहून दाराशीच लावला आहे. फक्त खोका न उघडता आणावा, कारण आटे गेल्यावर दर वेगळा लागतो.