वाचकांचे प्रश्न : इंजिनाला दाबून भरलेली हवा

प्रश्न : १२०० सीसीच्या दोन इंजिनांपैकी टर्बो असलेल्या इंजिनाची शक्ती बरीच जास्त असते. शक्ती जर पेट्रोलमधून मिळते, तर नुसते पेट्रोल वाढवून हे का साधत नाही? आणि साध्या इंजिनाला नंतर टर्बो बसवता येतो का?

उत्तर : पेट्रोल वाढवणे सोपे आहे, खरी अडचण हवेची आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. साध्या इंजिनात पिस्टन खाली सरकताना ही हवा आत ओढली जाते, त्यामुळे सिलिंडरमध्ये वातावरणाच्या दाबाने जेवढी मावेल, साधारण तेवढीच ती भरते. तिच्या प्रमाणाबाहेर सोडलेले पेट्रोल अर्धवट जळून वाया जाते. तीच हवा कॉम्प्रेसरने, म्हणजे हवा दाबणाऱ्या यंत्राने, दीडपट दाबाने भरली आणि तिचे तापमान वाढू दिले नाही, तर त्याच जागेत दीडपट ऑक्सिजन मावतो आणि इंधनही त्याच प्रमाणात जाळता येते.

यातली तापमानाची अट फार महत्त्वाची आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, तशीच इथेही दाबलेली हवा तापते आणि विरळ होते. म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून आत सोडतात. माझ्या मते या साध्या दिसणाऱ्या भागाला त्याचे श्रेय पुरेसे मिळत नाही, कारण तापलेल्या हवेमुळे शक्ती तर घटतेच, शिवाय पेट्रोलचे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ‘नॉक’ करू लागते. डिझेल इंजिनात आधी नुसती हवाच दाबली जाते आणि इंधन नंतर फवारले जाते, म्हणून तिथे ही भीती नसते.

हा कॉम्प्रेसर फिरवण्याचे दोन मार्ग आहेत : सुपरचार्जर आणि टर्बो. सुपरचार्जरचा कॉम्प्रेसर क्रँकशाफ्टवरील, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरील, पट्ट्याने फिरतो. तो तत्काळ प्रतिसाद देतो, पण इंजिनाचीच काही शक्ती खातो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेतून आलेला टर्बो मात्र एक्झॉस्टमधून, म्हणजे जळून बाहेर पडणाऱ्या वायूंतून, एरवी वाया जाणाऱ्या ऊर्जेवर, मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेत चालतो. इंजिनाचे फेरे कमी असताना एक्झॉस्टचा जोर अपुरा पडतो, म्हणून ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर थांबल्यासारखे वाटते.

टर्बो नंतरही बसवता येतो, परंतु साध्या इंजिनाचे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, हेड गॅस्केट आणि कूलिंग त्या वाढीव दाबासाठी व उष्णतेसाठी घडवलेले नसतात. ते न बदलता केलेली जोडणी मी कोणालाही सुचवणार नाही.