अंगणातली पाखरं : बदक, कोंबडी, टर्की, सगळं एकाच मशीनमध्ये?

प्रश्न : मावशी, स. न. वि. वि. आम्ही धायरीत राहतो. घर छोटं, पण मागे अंगण आहे. मुलाने हट्ट करून अंडी आपोआप फिरवणारं छोटं इन्क्युबेटर घ्यायला लावलं. माहेरी वेल्ह्याला गावरान कोंबड्या आहेत, तिथून 12 अंडी मिळतील. ओळखीच्या एकांनी बदकाची 6 आणि टर्कीची 4 अंडी कालच आणून दिली. मुलाला लाव्हीची पिल्लंही हवी आहेत. सगळी अंडी एकदम लावली तर चालेल का? आणि पिल्लं एकाच खोक्यात वाढवता येतील का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, एका मशीनमध्ये उबवता येतील, पण एकाच दिवशी लावू नका. आणि पिल्लं एका खोक्यात अजिबात वाढवू नका.

आधी दिवसांचं बघू. कोंबडीचं अंडं 21 दिवस घेतं, बदकाचं आणि टर्कीचं 28, लाव्हीचं 17 ते 18. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नसतात, झाकण उघडायचं नसतं आणि आतला दमटपणा वाढवायचा असतो. एकदम लावलीत तर लाव्हीसाठी हे सगळं करायची वेळ येईल तेव्हा बदकाच्या अंड्यांना अजून दहा दिवस फिरवायची गरज असेल. म्हणून उलटं मोजा. बदकाची आणि टर्कीची या रविवारी, कोंबडीची पुढच्या रविवारी आणि लाव्हीची त्यानंतरच्या बुधवारी. मग सगळ्यांचा शेवट एकाच रविवारच्या आसपास येतो. अंडी लावली तो दिवस शून्य धरायचा. बरेच जण तिथेच एक दिवस चुकतात आणि वेळेआधी घाबरतात.

म्हणजे वेल्ह्याची अंडी आत्ता आणायची घाई नाही. आठवड्यापेक्षा जुनं अंडं उबवायला घेऊ नये. आणलीत की टोकदार बाजू खाली करून रात्रभर स्वस्थ ठेवा, घाटातल्या गचक्यांनी आतली हवेची पोकळी हललेली असते. फ्रीजमध्ये नको. मार्चनंतर पुण्याच्या घरात उघड्यावरही नको, कारण साधारण 20-21 अंशांच्या वर अंड्यातला जीव अर्धवट जागा होतो आणि मग अशक्त राहतो. माझी आई माठात ओली वाळू भरून त्यावर फडकं अंथरायची आणि त्यावर अंडी ठेवायची. मी अजून तेच करते. अंडी धुऊ मात्र नका. कवचावर जंतू अडवणारा एक पातळ थर असतो, तो धुण्याने जातो.

पंखा असलेल्या मशीनमध्ये तापमान 37.5 अंश. त्यात गोंधळ नाही. गोंधळ होतो तो पाण्याचा, आणि मिश्र पाखरं पाळायची म्हटलं की शेवटपर्यंत सगळं पाण्यापाशीच येतं. मी उरुळी कांचनजवळच्या एका हॅचरीत अठरा वर्षं काम केलं. तिथे सेटरच्या, म्हणजे अंडी उबवायच्या मोठ्या मशीनच्या, खोलीत शिरलं की नाकालाच कळायचं, हवा कोरडी आहे की ओली. घरच्या मशीनवर आकडा दिसतो, पण तो खरा असतोच असं नाही. तो तपासायचा सोपा उपाय सांगते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओलसर करा. ते झाकण आणि दमटपणा मोजायचं यंत्र एका हवाबंद पिशवीत सात-आठ तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 70 दाखवत असेल तर तुमचं यंत्र पाचने कमी सांगतं, एवढं लक्षात ठेवून चाला.

कोंबडीच्या अंड्यांना 18 दिवस पन्नासच्या आसपास दमटपणा पुरतो, शेवटी 65 ते 70. बदकाला दोन्ही वेळी थोडा जास्त लागतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की मशीनमधली वाटी दिवसातून दोनदा भरावी लागेल, आणि जुलैत तीच वाटी कदाचित काढूनच ठेवावी लागेल. त्यामुळे आकड्यापेक्षा अंड्याच्या वजनावर भरवसा ठेवा. उबताना अंड्यातलं पाणी हळूहळू उडतं आणि हवेची पोकळी मोठी होते. लावताना 55 ग्रॅमचं असलेलं कोंबडीचं अंडं अठराव्या दिवशी 48-49 ग्रॅमवर यायला हवं. त्याहून जड राहिलं तर आत पाणी जास्त, हलकं झालं तर पाणी कमी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे एक काळा ठिपका दिसला की जीव धरला. नुसतंच पिवळं स्वच्छ दिसलं तर ते फलित नव्हतं, काढून टाका. ठेवलं तर नासून आत फुटू शकतं.

आता खोक्याचं. मी पहिल्यांदा बदकं वाढवली तेव्हा फुरसुंगीत राहायचे. पाच बदकं आणि अकरा कोंबडीची पिल्लं, सगळी दोन दिवसांची, एकाच खोक्यात, वर 60 वॉटचा बल्ब. डिसेंबरची रात्र होती. बदकाचं पिल्लू पाणी नुसतं पीत नाही. चोच, डोळे, मान सगळं बुडवतं आणि अंगभर उडवतं. पहाटे उठून बघते तर तूस लगद्यासारखं झालेलं, बदकं मजेत आणि कोंबडीची पिल्लं एका कोपऱ्यात ओली होऊन एकमेकांवर चढलेली. चार मेली होती. बाकीची मी पदरात धरून चुलीपाशी बसले, त्यातली दोन नंतर रक्ती हगवणीने गेली, कारण ओल्या तुसात तो रोग फार लवकर वाढतो. त्या सहा पिल्लांचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून बदकांचं खोकं वेगळं. पाण्याचं भांडं एका ट्रेवर जाळी टाकून त्या जाळीवर ठेवा, म्हणजे सांडलेलं खाली जाईल. पाणी डोकं बुडेल एवढं खोल हवं, पण पोहायला लगेच सोडू नका. मशीनमधल्या पिल्लाच्या लवेवर आईच्या अंगाचं तेल नसतं, ती भिजते आणि पिल्लू गारठतं. लाव्हीचं याच्या अगदी उलट. पिल्लू अंगठ्याएवढं असतं, चहाच्या बशीतही बुडतं. बशीत गोट्या नाहीतर धुतलेले खडे भरा, मधल्या फटींतून ते पाणी पिईल. सगळ्यांच्या खाली पहिल्या दिवसांत गोणपाट अंथरा. वर्तमानपत्र गुळगुळीत असतं, त्यावर पाय घसरून फाकतात.

ऊब सगळ्यांना पहिल्या आठवड्यात 35 अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला चिकटून धापा टाकताहेत तर उकडतंय. ऐन उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे बल्ब लागणारच नाही.

टर्कीबद्दल मी स्पष्ट सांगते, कारण हे अंडी देणारे बहुधा सांगत नाहीत. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत राहतो, त्याच्या अंड्यांतून ब्लॅकहेड नावाचा रोग पसरतो. कोंबडीला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण टर्कीचं यकृत त्याने खराब होतं, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते आणि पाखरू बहुधा दगावतं. त्या जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे तुमच्या अंगणात कोंबड्या फिरणार असतील तर त्या मातीवर टर्की सोडायची नाही. ती चार अंडी कोंबड्या न पाळणाऱ्या कुणाला दिलीत तर मला बरं वाटेल. तुम्हालाच उबवायची असतील तर पहिले चार-पाच दिवस तेवढे कोंबडीची एक-दोन पिल्लं स्वच्छ खोक्यात त्यांच्याबरोबर ठेवा. टर्कीचं पिल्लू खाणं चटकन शिकत नाही, भरल्या ताटापाशी उपाशी मरतं. कोंबडीचं पिल्लू टिपायला लागलं की बघून तेही टिपतं. मशीनमधून नुकत्याच निघालेल्या पिल्लांच्या पोटात अजून जंत नसतात, म्हणून एवढं चालतं. उकडलेलं अंडं बारीक चिरून खाद्यावर टाका, त्या रंगाकडे ती येतात.

खाद्यासाठी पहिल्या दिवशी मक्याचा भरडा आणि पाण्यात थोडा गूळ, मग स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. टर्कीला आणि लाव्हीला कोंबडीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागतं, नाहीतर पाय वाकतात. खाद्यात थोडं ब्रूअर्स यीस्ट मिसळा. ब्रॉयलरचं स्टार्टर घेताना पोत्यावरची चिठ्ठी वाचा. त्यात सॅलिनोमायसिन हे औषध असेल तर ते टर्कीला विषासारखं आहे.

प्रश्न : मी दहावीत आहे. एकविसाव्या दिवशी रात्री एका अंड्याला आतून टोच पडली. सकाळपर्यंत पिल्लू बाहेर आलं नाही म्हणून मी नखाने कवच सोललं. आतून रक्त आलं आणि पिल्लू संध्याकाळी मेलं. माझ्यामुळे मेलं का?
— एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : बाळा, खरं सांगते. बहुतेक घाईमुळेच गेलं असावं. पण तू ते त्याला सोडवायला केलंस, आणि आत काय चाललेलं असतं हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. ते आता ऐक.

बाहेर येण्याच्या साधारण एक दिवस आधी पिल्लू रुंद बाजूच्या हवेच्या पोकळीत चोच खुपसतं आणि आयुष्यातला पहिला श्वास घेतो ना आपण, तसा तिथे घेतं. अंडं कानाला लावलंस तर चिवचिव ऐकू येते. मग कवचाला एक टवका पाडतं. इथे आपल्याला वाटतं की आता धडपडून बाहेर यावं, पण ते थांबतं. कवचाच्या आतल्या पडद्यावर रक्ताच्या शिरा असतात, त्यांतलं रक्त या वेळात पिल्लाच्या अंगात ओढलं जातं. उरलेला पिवळा बलकही बेंबीतून पोटात जातो, तीच त्याची पुढच्या दोन दिवसांची शिदोरी. हे व्हायला 12 ते 24 तास लागतात, बदकात त्याहून जास्त. सगळं आत गेलं की पिल्लू गोल फिरत टोच्या मारतं आणि अंड्याची टोपी उडवतं. तू सोललंस तेव्हा त्या शिरा अजून भरलेल्या होत्या.

पुढच्या वेळी टवका पडला की वहीत वेळ लिही आणि झाकण उघडू नकोस. उघडलंस तर आतली ओल एका क्षणात जाते, पडदा सुकून पिल्लाला प्लॅस्टिकसारखा चिकटतो. चोवीस तास उलटून गेले, टवका तेवढाच आहे आणि पडदा पिवळा-तपकिरी कोरडा दिसतोय, तरच कोमट पाण्यात कापूस बुडवून पडदा ओला कर. लाल शीर दिसली की हात मागे घे. बाहेर आलेलं पिल्लू ओलं, केविलवाणं दिसतं, पण त्याला मशीनमध्येच सुकू दे. पोटात बलक आहे, दिवसभर दाणा-पाणी नसलं तरी चालतं.

प्रश्न : खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली तर ती 28 दिवस बसेल का?
— एक आजोबा, हडपसर

उत्तर : बसते, दादा. गावरान कोंबडी त्याबाबतीत चिवट. तिच्या अंगाखाली मावतील तेवढीच, पाच-सहा अंडी ठेवा. बदकाचं अंडं तिला जड जातं, म्हणून ती दाण्याला उठली की तुम्ही हाताने फिरवा आणि शेवटच्या आठवड्यात वर कोमट पाणी शिंपडा. टोपलीत राख टाका, उवा कमी होतात. पिल्लं पाण्यात शिरली की ती काठावर ओरडत फिरते, तिला तेव्हा डालग्याखाली झाकून ठेवलेलं बरं.

प्रश्न : आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, कधी कधी पाच-सहा तास. अंडी वाया जातील का?
— एक वाचक, वारजे

उत्तर : घाबरू नका. कोंबडीही रोज पंधरा-वीस मिनिटं उठतेच. झाकण बंद ठेवा, वर गोधडी घाला, हवेची भोकं मोकळी राहू द्या. अंडी गार झाल्याने पिल्लं एखादा दिवस उशिरा निघतील. थोड्या वेळाच्या गारव्यापेक्षा जास्त उष्णता कितीतरी घातक, म्हणून वीज आल्यावर तापमान वाढवून भरपाई करायला जाऊ नका. पिल्लं निघायचा दिवस गुरुवारी येणार नाही अशा बेताने अंडी लावा.

प्रश्न : घरी निघालेल्या पंधरा पिल्लांना लस द्यावी का?
— एक वाचक, लोणी काळभोर

उत्तर : द्यावीच. राणीखेत रोग आला तर आठवड्यात खुराडं रिकामं होतं. पाचव्या ते सातव्या दिवशी त्याची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस. कुपीत शंभरच्या वर मात्रा असतात, तेव्हा शेजारच्या दोन-चार घरांनी मिळून आणा. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने लस मरते. विहिरीचं पाणी घ्या, लिटरला अर्धा चमचा बिनसायीची दूध पावडर मिसळा आणि आधी तासभर पिल्लांचं पाणी बंद ठेवा. दुकानातून घरी येताना लस थर्मासमध्ये बर्फावर ठेवा आणि कालवली की तासा-दोन तासांत संपवा.