एलईडी वॉलवर वाहत्या रंगांत पट्टे दिसतात, त्याविषयी

कराडहून आपण लिहिले आहे की, संगीत समारंभासाठी आफ्टर इफेक्ट्स या हलत्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला हळदी पिवळ्यापासून गडद निळ्यापर्यंत वाहत जाणारा रंगपट लॅपटॉपवर मऊ दिसला, परंतु एलईडी वॉलवर त्यात पट्टे उमटले, प्रत्येक लूपच्या (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्याच्या) सांध्याला धक्का बसला, आणि आता कोणते प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायची पुरवणी) विकत घ्यावे असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते एकही घेऊ नये. सांगलीत मंचामागच्या पडद्यांची कामे करताना मी याच त्रासातून गेलो आहे. मात्र माझा अनुभव मंच आणि लग्नसमारंभ यांपुरताच आहे, चित्रपटगृहासाठी काम करणारे कदाचित वेगळे सांगतील.

टर्ब्युलंट डिस्प्लेस आणि फ्रॅक्टल नॉइज हे प्रवाह घडवणारे दोन इफेक्ट आपण वापरलेच असतील, त्यामुळे त्यांविषयी लिहीत नाही. प्रवाह त्यांतूनच उत्तम येतो. बिघडतो तो पुढे. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवा, निळा) गडद ते उजळ अशा 256 पायऱ्या मिळतात, पण गडद निळ्याच्या सौम्य छटेत आपण त्यांतल्या जेमतेम 40 वापरतो. 4 मिलिमीटर पिचच्या (शेजारच्या दोन पिक्सेलमधील अंतराच्या), 960 पिक्सेल रुंद वॉलवर त्या 40 पायऱ्या पसरल्या की प्रत्येक पट्टा 24 पिक्सेलचा, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर रुंद होतो, आणि तो शेवटच्या रांगेतूनही दिसतो. शिवाय सभागृहात वॉलची प्रखरता कमी केलेली असते, त्यामुळे गडद छटांमधील उरलेसुरले भेदही पुसले जातात. म्हणून प्रोजेक्ट 16 बिटवर न्यावा (प्रोजेक्ट पॅनेलच्या तळाशी असलेल्या बिटच्या आकड्यावर ऑल्ट धरून क्लिक केले की तो बदलतो) आणि सर्वांत वरच्या थरावर एक-दोन टक्के नॉइज, म्हणजे विखुरलेले ठिपके, टाकावा. हा बारीक दाणा पट्ट्यांच्या कडा विस्कटतो आणि दुरून डोळ्यांना जाणवतही नाही.

परंतु हे सगळे नीट करूनही माझे सर्वांत मोठे नुकसान झाले, ते एका आयोजक कार्यालयामुळे. एका नृत्यनाटिकेसाठी कृष्णेच्या पुराच्या पाण्यासारखा गढूळ तांबड्यातून हिरव्यात उतरणारा प्रवाह मी तयार केला होता. 10 बिट प्रोरेसची (कमी दाबलेल्या, उच्च दर्जाच्या व्हिडिओ स्वरूपाची) फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो असता, बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायचा नाही असा नियम मला सांगण्यात आला आणि फाइल मोबाईलच्या संदेश ॲपवरून मागवण्यात आली. तेथे व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल पुन्हा दाबली जाते, बिटरेट (दर सेकंदाच्या चित्राला मिळणारी माहिती) घसरतो आणि सर्वांत आधी मरतो तो हाच नॉइज, कारण दाबणाऱ्या गणिताला तो निरुपयोगी तपशील वाटतो. वॉलच्या ऑपरेटरचा दूरध्वनी क्रमांक मागितला, तर आमच्यामार्फतच बोला असे उत्तर मिळाले, आणि त्यांच्यामार्फत एकही निरोप पुढे पोहोचला नाही. प्रयोगात पट्टे दिसल्यावर ‘तुमच्या डिझाइनमध्येच रेषा आहेत’ असे सांगून मानधनातून रक्कम कापण्यात आली. मूळ फाइल आणि त्यांनी चालवलेली फाइल शेजारी ठेवून दाखवण्याची तयारी मी दर्शवली, पण ती पाहण्याची तसदी कोणीही घेतली नाही. रक्कम कापणाऱ्या खुर्चीला बिटरेटचा अर्थ ठाऊक असावा, एवढी अपेक्षा मला आजही अवास्तव वाटत नाही.

तेव्हापासून वॉलची पिक्सेलसंख्या, चालणारे स्वरूप आणि फाइल कोणत्या मार्गाने पोहोचेल, हे कळल्याशिवाय मी काम हाती घेत नाही. फाइल ॲपवरूनच द्यावी लागली, तर ती डॉक्युमेंट म्हणून जोडतो. ऑपरेटरचा संगणक एच.264 एमपी4 हे सर्वसाधारण दाबलेले स्वरूप एवढेच चालवत असेल, तर बिटरेट भरपूर ठेवतो, कारण 8 बिटमध्येही दाणा शाबूत राहिला तर पट्टे बरेच झाकले जातात. आपल्या भागातील काही ऑपरेटर अतिशय जाणते आहेत. अडचण त्यांच्यापर्यंत पोहोचू न देणाऱ्यांची असते.

सांध्याचा धक्का लहान बाब आहे. त्याच दोन इफेक्टच्या इव्होल्यूशन ऑप्शन्समध्ये सायकल इव्होल्यूशन (बदल फेऱ्याने मूळ जागी आणणारा पर्याय) सुरू करावे आणि सेकंदाला 25 फ्रेमच्या वेगाने 20 सेकंदांचा लूप हवा असल्यास पूर्ण फेरा 500 क्रमांकाच्या फ्रेमवर संपवून रेंडर मात्र 0 ते 499 एवढाच घ्यावा, अन्यथा पहिली फ्रेम दोनदा येते. इफेक्टचा ऑफसेट, म्हणजे नक्षीची जागा, हलवला असेल, तर तो या फेऱ्यात बसत नाही. पिवळा आणि निळा यांच्या मध्ये राखाडी दिसतो, तो दोष वॉलचा नव्हे: शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा यांची आकड्यांतील सरासरी राखाडीच येते. रंगपटात त्या दोहोंच्या मध्ये हिरवा किंवा गुलाबी रंगाचा टप्पा द्यावा.

हळदीचाच रंग आहे, तर खरा प्रवाह चित्रित करून पाहावा, असे मी सुचवेन. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, ती स्पिरिटमध्ये विरघळवून, गाळून काचेच्या टाकीत सोडावी आणि मग वरून चुन्याची निवळी थेंबाथेंबाने टाकावी. पिवळ्यातून लाल धागे उतरतात, तसा लाल मला कोणत्याही इफेक्टने दिलेला नाही. स्पिरिट असल्याने जवळ ज्योत नको, आणि घरातील दिव्यांखाली कॅमेऱ्याचे शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवावे, नाहीतर लुकलुक येईल.