शैलीची घाई नको

प्रिय,

तुझी चित्रं दोनदा नीट पाहिली. रंगांची जाण तुला आहे. माणसं मात्र हवेत तरंगताहेत, एकाचाही पाय जमिनीला टेकलेला नाही. आणि पत्रात विचारतोयस ते शैली कधी सापडेल आणि नोकरी कधी सोडू याबद्दल!

चित्रकार सुधीर पटवर्धनांचं काम बघ. पुण्यात डॉक्टर झाले, १९७३ मध्ये मुंबईत आले आणि २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत राहिले. कलाशाळेत ते कधी गेले नाहीत. तरी १९७९ मध्ये दिल्लीत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं आणि १९८१ च्या 'प्लेस फॉर पीपल' या समूह प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख या चित्रकारांच्या बरोबरीने त्यांची चित्रं लागली. म्हणून नोकरीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. घरभाडं सुटलं की चित्र विकण्याची घाई राहत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांतला कष्टकरी माणूस भरीव असतो, त्याच्या अंगाचं वजन जाणवतं. 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७) समोर असलं की हे कळतं. पुढे चित्रात माणसाभोवतीचं शहर पसरत गेलं. 'लोअर परळ' (२००१) मध्ये बदलतं गिरणगाव आहे, आणि ते पाहताना नजर एका जागी थांबत नाही. विषय मोठा झाला तशी मांडणीही बदलली. आधी शैली ठरवून मग त्यात माणसं बसवली असती, तर हे घडलं नसतं.

तुझी अडचण फोटोंमुळे आहे, असं मला वाटतं. फोटोवरून काढताना बाह्यरेषा हुबेहूब येते, पण भार कुठे पडलाय ते कळत नाही. उभ्या माणसाकडे बघ: एका पायावर भार असला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं, खांदा खाली येतो आणि मान तोल सावरते. खांद्याला जड पिशवी असेल तर सगळं शरीर उलट्या बाजूला कलतं. हे आधी कागदावर यायला हवं. चेहरा नंतर.

पुढच्या वेळी कॅनव्हासचे फोटो नकोत. रोज दिसणारा एकच माणूस निवड, महिनाभर त्याचं रेखाटन कर आणि फसलेल्या पानांसकट वही पाठव.

तुझा,
सर